मधुमेही शेतकऱ्यास सोबतीची चिठ्ठी

शेतकी खात्याने एखाद्या सुधारलेल्या पद्धतीचे पत्रक छापून गावोगाव वाटले म्हणजे ती पद्धत गावात रुजली, असे मानण्याचा काळ केव्हाच मागे पडला आहे. पत्रक चावडीवर वाचले जाते, मजकूर चांगला आहे असे सर्व म्हणतात, आणि पेरणी मागल्या वर्षीसारखीच होते. परंतु तीच पद्धत शेजारच्या बांधावर एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याने करून दाखविली, आणि अडेल तेथे विचारावयास तो हाकेच्या अंतरावर असला, की दोन-तीन हंगामांत निम्मे गाव ती उचलते. हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नाही. तोच अनुभव एका रोगासही तंतोतंत लागू पडतो, आणि तो रोग आता आपल्या उंबरठ्याच्या आत येऊन बसला आहे, म्हणून त्याविषयी येथे चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे. हा रोग म्हणजे मधुमेह, ज्यास आपल्याकडे बोलीत नुसते 'शुगर' म्हणतात.

आमच्या परिचयाचे एक बागाईतदार आहेत. गाव त्यांस अण्णा म्हणते, आम्हीही येथे तसेच म्हणू. तीन वर्षांपूर्वी उसाला दारे धरताना त्यांच्या पायात बाभळीचा काटा मोडला. तो मोडल्याचे त्यांस कळलेच नाही. आठवड्याने बोट सुजून काळे पडू लागले तेव्हा थोरल्या मुलाच्या ते नजरेस आले. इस्पितळात नेल्यावर रक्तातील साखर बेसुमार वाढल्याचे आढळले. ती किती वर्षे वाढत होती कोण जाणे. पायाची जाणीव मात्र तिने नाहीशी केली होती. करंगळीशेजारचे बोट गेले, पाय वाचला. घरी येताना अण्णांच्या हाती एक चिठ्ठी होती. तीत गोळ्यांची नावे होती, आणि खाली तीन लहान ओळी: गोड बंद. रोज चालणे. पायांची काळजी.

गोळ्या अण्णांनी नेमाने घेतल्या. खालच्या तीन ओळींचे काय झाले, ते त्यांच्याच तोंडून ऐकण्यासारखे आहे.

"रोज चालायला जा म्हणतात," ते आम्हांस म्हणाले. "हातात काही काम नसता माणूस सडकेनं निघाला, तर चार जण विचारणार, अण्णा, कुणीकडं? काय सांगायचं त्यांना? शेतकऱ्याला कधी फिरायला जाताना बघितलंय का तुम्ही?"

आतून काकू म्हणाल्या, "घरात बिनसाखरेचाच चहा करते हो मी. पण दूध घालायला डेअरीवर गेले की तिथं एक कप, सोसायटीत एक, कुणाच्या वस्तीवर गेले की तिथं एक. नको म्हटलं तर समोरच्या माणसाचा अपमान होतो, असं ह्यांचं म्हणणं."

या दोन बोलण्यांत सर्व विषय आला. अण्णांस काय करावयाचे ते ठाऊक नव्हते असे नाही, आणि ते आळशीही नाहीत. साठीच्या आसपासही ते पहाटे चारला उठतात. त्यांची चिठ्ठी डेअरीवर, सोसायटीत आणि पाव्हण्यांच्या ओसरीवर येऊन अडली. कारण माणसाचे खाणे, पिणे आणि फिरणे ही त्याची एकट्याची नसतात. ती चार माणसांत चालतात, आणि बदलावयाची तर त्या चार माणसांतच बदलावी लागतात.

वर्षाचे तास आणि रोगाचे स्वरूप

वर्षाचे तास ८,७६० होतात. मधुमेही मनुष्य वर्षातून चार वेळा डॉक्टरांकडे गेला आणि प्रत्येक वेळी त्यास पाव तास मिळाला, तर वैद्यकाच्या वाट्यास एक तास येतो. उरलेले ८,७५९ तास ज्याचा त्याने सांभाळावयाचे असतात. ताप आला तर चार दिवस औषध घेऊन मनुष्य मोकळा होतो. या रोगात औषध हे अर्धेच काम करते, बाकीचे काम रोजच्या निगेने व्हावे लागते. फळबाग लावणाऱ्यास हे समजावून सांगावयास नको. बाग लावण्याचा दिवस एक, निगेचे दिवस आयुष्यभर.

वाढत्या वयात होणारा जो दुसऱ्या प्रकारचा मधुमेह, त्यात शरीर इन्सुलिन तयार करते, परंतु त्याचा अंमल पुरेसा चालत नाही. पोटाच्या आत, यकृतात व स्वादुपिंडात चरबी साठत गेली म्हणजे हा बिघाड वाढतो, आणि पुढे इन्सुलिनची निपजही घटते. वाढलेली साखर प्रारंभी दुखत नाही, म्हणूनच ती घातक. ती डोळ्यांच्या पडद्यावरील, मूत्रपिंडांतील व पायांच्या मज्जातंतूंभोवतीच्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षे पोखरते.

"आम्ही सडपातळ, आम्हांस कशाची शुगर?" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी एक छायाचित्र ध्यानात ठेवावे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक जोडचित्र 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजन पाहण्याचा जो निर्देशांक आहे, तो दोघांचाही अगदी सारखा, २२.३ होता. परंतु शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के भरली, आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्यावर दोघे सारखे. आतून एकात दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक चरबी. आपल्या लोकांची ठेवणच अशी आहे की बाहेरून बारीक दिसणारा मनुष्य आतून जड असू शकतो.

हा शहरी लोकांचा रोग आहे ही समजूतही टाकून द्यावयास हवी. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत वीस वर्षांवरील लोकांपैकी ११.४ टक्के मधुमेही आढळले. शहरांत हे प्रमाण १६.४ टक्के, तर खेड्यांत ८.९ टक्के होते. परंतु मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेल्यांचे प्रमाण पाहिले, तर शहर व खेडे यांत जवळजवळ फरकच नव्हता. दोन्हीकडे ते पंधरा टक्क्यांच्या घरात होते. म्हणजे खेड्यातील पीक अद्याप कापणीस आलेले नाही, इतकेच. नांगर ट्रॅक्टरने होतो, वस्तीवर मोटारसायकलने जाणे होते, मोट जाऊन विजेचा पंप आला. जमीनदार शेतकऱ्याचे अंगमेहनतीचे काम पुष्कळ कमी झाले; जेवणाचे ताट मात्र आजोबांच्याच मापाचे राहिले.

विलायतेतील प्रयोग

या अडचणीवर इंग्लंडात एक पद्धतशीर प्रयत्न झाला आहे. त्याच्या यशाप्रमाणे त्याच्या उणिवांचेही प्रामाणिक माप तेथील लोकांनी घेतले आहे, म्हणून तो आपणांस उपयोगी पडण्यासारखा आहे. त्यास तेथे 'सोशल प्रिस्क्रायबिंग' म्हणतात. डॉक्टर जसे औषध लिहून देतो, तशीच समाजातील एखाद्या मंडळाची, बागेची, फिरणाऱ्यांच्या गटाची किंवा सल्लागाराची चिठ्ठी रोग्यास मिळावी, अशी ही कल्पना आहे. आम्ही तिला सोबतीची चिठ्ठी म्हणतो.

कल्पनेचे मूळ जुने आहे. दक्षिण लंडनमधील पेकहॅम येथे डॉ. जॉर्ज स्कॉट विल्यमसन व डॉ. इनेस पिअर्स यांनी १९२६ साली एक आरोग्यकेंद्र काढले, आणि १९३५ मध्ये त्यासाठी खास इमारत उभारली. तेथे कुटुंबांनी आठवड्यास एक शिलिंग वर्गणी भरून सभासद व्हावयाचे. पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, उपाहारगृह सर्वांस खुले. आणि ठराविक काळाने संपूर्ण कुटुंबाची तपासणी. आमच्या वाचकांस विशेष वाटण्यासारखी गोष्ट ही की, या केंद्राने ब्रॉम्ली कॉमन येथे स्वतःची शेती ठेवली होती, आणि सभासदांस ताजे दूध व भाजीपाला तेथून पुरविला जाई. १९५० साली पैशाअभावी हे केंद्र बंद पडले. पुढे १९८४ मध्ये पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत, ब्रॉम्ली-बाय-बो येथील एका ओस पडत चाललेल्या चर्चमध्ये, तशाच विचाराची एक संस्था सुरू झाली, आणि १९९७ मध्ये तिच्या आवारात दवाखानाही आला. बाग, चित्रशाळा, रोजगाराचा सल्ला आणि डॉक्टर, ही सर्व एका फाटकाच्या आत आली. जानेवारी २०१९ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने आपल्या दीर्घ मुदतीच्या योजनेत ही पद्धत घेतली. दोन वर्षांत एक हजारांहून अधिक कार्यकर्ते नेमावयाचे आणि २०२३-२४ पर्यंत किमान नऊ लाख लोकांस अशी चिठ्ठी मिळावयाची, असे त्या वेळी ठरले.

मधुमेहाच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद प्रयोग मात्र उत्तरेकडील न्यूकॅसल शहराचा आहे.

न्यूकॅसलची हकीकत

टाइन नदीकाठचे हे शहर एके काळी कोळसा, जहाजे आणि तोफा यांसाठी प्रसिद्ध होते. शहराच्या पश्चिम भागात, एल्स्विक येथे, आर्मस्ट्राँगचे प्रचंड कारखाने होते. ते उद्योग बसले, आणि मागे राहिली बेकारी व तिच्यामागून येणारे रोग. या पश्चिम भागात एप्रिल २०१५ मध्ये 'वेज टू वेलनेस' या नावाची योजना सुरू झाली. चाळीस ते चौऱ्याहत्तर वर्षे वयाच्या ज्या लोकांस मधुमेह, हृदयविकार, दमा यांसारखे कायमचे दुखणे आहे, त्यांस त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी या योजनेकडे पाठवावयाचे.

तेथे गेल्यावर गाठ पडते ती एका कार्यकर्त्याशी. त्यास 'लिंक वर्कर', म्हणजे दुवा जोडणारा, असे नाव आहे. तो डॉक्टर नव्हे, परिचारिकाही नव्हे. तो निवांतपणे बसून माणसाचे ऐकून घेतो. तुम्हांस कोणता रोग आहे, हे डॉक्टरांनी लिहिलेलेच असते. याचा प्रश्न निराळा असतो: तुमच्या जिवाला काय हवे आहे, आणि त्याच्या आड काय येते? कोणी म्हणतो, नातवाबरोबर मैदानावर जावयाचे आहे, पण धाप लागते. कोणी म्हणते, नवरा गेल्यापासून एकटीसाठी चूल पेटवावीशी वाटत नाही, म्हणून बिस्किटांवर भागते. कोणाच्या डोक्यावर घरभाडे थकले आहे. अशास भाज्यांचे फायदे सांगून काय उपयोग?

मग दोघे मिळून एक लहानसे काम ठरवितात, आणि ते जमले की दुसरे. कोणास फिरणाऱ्यांच्या गटात नेतात, कोणास स्वयंपाकवर्गात, कोणास व्यायामशाळेत, कोणास बागकामास. पहिल्या दिवशी एकट्याने दारातून आत शिरण्याचा संकोच मोठा असतो, हे ओळखून कित्येकदा कार्यकर्ता स्वतः बरोबर जातो. कर्ज किंवा सरकारी मदत यांचा गुंता असेल तर तो सोडविणाऱ्या सल्लागाराकडे पाठवितात. हे एका भेटीत संपत नाही. महिनोन्‌महिने, जरूर पडल्यास वर्षाहून अधिक काळ, हा दुवा राहावा अशी योजना होती.

मापात काय भरले

या योजनेची पाहणी न्यूकॅसल व डरहॅम येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी वर्षानुवर्षे केली. प्रथम रक्ताची गोष्ट. मधुमेहाचे माप पाहण्यासाठी 'एचबीएवनसी' नावाची तपासणी असते. रोजची साखर आज एक आणि उद्या दुसरी असते. ही तपासणी मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असलेल्या सुमारे आठ हजार रोग्यांच्या नोंदी तपासून २०२१ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा की, या योजनेमुळे ही सरासरी सुमारे १.१ मिलिमोलने उतरली. आपल्याकडील टक्क्यांच्या मापात हे उतरणे सुमारे ०.१ टक्का होते.

हे थोडे आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी मधुमेह्यांच्या मोठ्या समूहाचा अनेक वर्षे पाठपुरावा करून २००० साली दाखविले होते की, ही सरासरी जेथे एक टक्क्याने कमी, तेथे बारीक रक्तवाहिन्यांचे विकार ३७ टक्क्यांनी कमी आढळतात. न्यूकॅसलच्या सोबतीने त्या एका टक्क्याचा दहावा हिस्सा मिळविला. जो कोणी म्हणेल की फिरावयास सोबत मिळाली की गोळ्या सुटतात, त्याचे म्हणणे या आकड्याने खोटे ठरते.

परंतु हा हिस्सा गोळ्या आणि नेहमीचे उपचार चालू असताना त्यांच्या वर मिळालेला आहे, आणि तो गरीब वस्तीतील, कायम दुखणेकरी माणसांस मिळालेला आहे, हे विसरता कामा नये. शिवाय रक्ताच्या नळीत जे उतरत नाही, तेही संशोधकांनी माणसांच्या घरी बसून विचारले. योजनेत आलेल्या लोकांनी सांगितले की आत्मविश्वास वाढला, एकटेपणा कमी झाला, वजन थोडे उतरले, आणि आपल्या दुखण्यावर आपला काही ताबा आहे असे वाटू लागले. हे शेवटचे वाटणे फार मोलाचे आहे. ज्यास आपल्या हाती काही आहे असे वाटत नाही, तो पाय पाहावयाचेही सोडून देतो.

दोषही त्यांनी झाकून ठेविले नाहीत. योजनेचा पैसा परिणामांच्या मोजमापाशी बांधलेला होता. त्यामुळे कार्यकर्त्यांवर आकड्यांचे ओझे पडले, आणि निवांत ऐकण्याच्या कामात घाई शिरली. कार्यकर्ते वारंवार बदलत. नवा आला की रोग्याने आपली कथा पुन्हा पहिल्यापासून सांगावयाची. काहींच्या बाबतीत दोन भेटींमध्ये मोठे खंड पडले. आणि सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट ही की, ज्यांचे घरदार व मिळकत थोडीबहुत स्थिर होती त्यांस या सोबतीचा फायदा अधिक झाला. ज्यांच्या डोक्यावर रोजची विवंचना होती, ते मागे पडले. पाणी आधी सखल आणि भुसभुशीत जमिनीत मुरते. खडकाळ माथ्यावर ते पोहोचवावयाचे तर पाट वेगळा काढावा लागतो.

त्याच टाइन नदीच्या परिसरात आणि स्कॉटलंडमध्ये झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगाचा येथे उल्लेख केला पाहिजे. न्यूकॅसलचे डॉ. रॉय टेलर व ग्लासगोचे डॉ. मायकेल लीन यांनी, मधुमेह होऊन सहा वर्षांहून अधिक काळ न लोटलेल्या व इन्सुलिन न घेणाऱ्या वजनदार रोग्यांस, डॉक्टरी देखरेखीखाली तीन ते पाच महिने अत्यंत मोजका आहार दिला. एक वर्षाअखेर त्यांतील ४६ टक्क्यांचा मधुमेह औषधावाचून मागे हटलेला आढळला. हा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्या वर्षाअखेर तो आकडा ३६ टक्क्यांवर आला. म्हणजे दिनचर्येत केवढी शक्ती आहे, हेही या प्रयोगाने सिद्ध केले, आणि मिळविलेले टिकविणे किती अवघड आहे, हेही. मिळविण्यास निश्चय लागतो. टिकविण्यास सोबत लागते.

आपल्या गावात काय करता येईल

न्यूकॅसलमध्ये कार्यकर्त्यास जी मंडळे शोधत हिंडावे लागले, ती आपल्या गावात आजोबा-पणजोबांच्या काळापासून आहेत. भजनी मंडळ आहे, तालीम आहे, बचत गट आहेत, दूध संस्था आहे, विकास सोसायटी आहे, वारीला जाणारी दिंडी आहे. जो मनुष्य दारापासून सडकेच्या वळणापर्यंत चालावयास लाजतो, तोच दिंडीत मिसळला की पंढरपूरपर्यंत चालतो. उणीव आहे ती दुवा जोडणाऱ्याची. आशा सेविका तिसाव्या वर्षापुढील लोकांची माहिती घेतात आणि तपासणीस पाठवितात. परंतु त्यांच्या माथ्यावर आधीच इतकी कामे आहेत की हेही त्यांच्यावरच लादणे आम्हांस न्यायाचे वाटत नाही. आमची सूचना अशी आहे की, प्रत्येक गावातील सभासदांनी आपल्यातील एक किंवा दोन माणसे यासाठी निवडावी. निवृत्त शिक्षक, दूध संस्थेचा सचिव, बचत गटातील एखादी जाणती बाई, असे कोणीही चालेल. त्यास वैद्यक येण्याची जरूरी नाही. ऐकून घेण्याची सवय, तोंडावर ताबा आणि एकाचे दुसऱ्यास न सांगण्याचा बाणा, एवढे हवे. एका माणसाकडे आठ-दहा घरांहून अधिक देऊ नयेत, आणि तो सहसा बदलू नये. न्यूकॅसलच्या चुकीतून एवढे तरी शिकावे.

पहिले काम चहाचे घ्यावे, कारण ते सर्वांत सोपे आणि सर्वांत मोठे आहे. दिवसाचे आठ कप, कपास दोन लहान चमचे, चमच्यास चार ग्रॅम धरले तर दिवसाची साखर ६४ ग्रॅम होते, आणि महिन्याची जवळजवळ दोन किलो. ज्यांनी स्वतःच्या शेतात ऊस लावला आहे त्यांस दोन किलो साखर म्हणजे काय, हे सांगावयास नको. गूळ घातला म्हणजे दोष गेला, ही समजूतही चुकीची आहे. रक्तात गेल्यावर गुळाची आणि साखरेची जात एकच. ज्वारी-बाजरीची भाकरी पोळीपेक्षा बरी खरी, परंतु ती मोजूनच घ्यावी, आणि ताटात पालेभाजी, डाळ-उसळ यांस आधी जागा द्यावी. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले तरी साखरेची उसळी कमी होते. त्यासाठी सडक नको, अंगण पुरते.

पायांचे काम घरच्यांनी वाटून घ्यावे. रोज रात्री पाय धुऊन, कोरडे करून, बोटांच्या बेचक्यांसह उजेडात पाहावे. स्वतःस वाकणे होत नसेल तर नातवंडास पाहावयास सांगावे. मधुमेह्याने अनवाणी शेतात जाऊ नये, चिखलातही नाही, आणि पायताण घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा-काटा पाहावा.

जेथे गरिबी, कर्ज किंवा कोर्टाचा खेटा हेच रोगाच्या आड येत असेल, तेथे आधी तो गुंता सोडविण्यास मदत करावी. शेतमजुरांच्या घरांकडे तर मुद्दाम जावे, कारण न बोलाविता ती माणसे आपल्या बैठकीस येणार नाहीत. पाट वेगळा काढावा लागतो असे आम्ही वर म्हटले, ते याचसाठी.

काही गोष्टींत मात्र सोबत्याने हात घालू नये. गोळी किंवा इन्सुलिन कमी करणे, बंद करणे, कोणा बाबाचा काढा सुचविणे, हे त्याचे काम नव्हे. जो मनुष्य औषध घेत असता खाणे एकदम कमी करतो किंवा उपाशीपोटी कष्ट करतो, त्याची साखर धोक्याच्या खाली जाऊ शकते. हात थरथरणे, घाम फुटणे, डोके भ्रमणे ही तिची चिन्हे. अशा वेळी शुद्धीवर असलेल्यास ताबडतोब साखर द्यावी, शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काही न घालता इस्पितळ गाठावे, आणि आहारात मोठा बदल करण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे. तीन ते सहा महिन्यांनी सरासरी साखरेची तपासणी, आणि वर्षातून एकदा डोळे, लघवी व पाय यांची तपासणी झाली की नाही, एवढी आठवण मात्र सोबत्याने जरूर ठेवावी.

अण्णांचे पुढे काय झाले

अण्णांच्या गावी असा सोबती कोणी नेमला नव्हता. तो आपोआप झाला. त्यांच्या घराजवळ राहणारे एक निवृत्त गुरुजी, तेही मधुमेही, एके दिवशी पहाटे फाटकाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अण्णा, बंधाऱ्यावर पाणी किती आहे बघून येऊ, चला." बंधारा दीड मैल. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी पाहावयास. आता सडकेवर कोणी "कुणीकडं?" म्हणून विचारले तर उत्तर तयार होते. पुढे आणखी तिघे मिळाले. डेअरीवरच्या चहावाल्यास या पाच जणांनी मिळून सांगितले, तेव्हा त्याने बिनसाखरेची एक किटली वेगळी ठेविली. आता तीतला चहा शुगर नसलेलेही मागून घेतात. एकट्याने नको म्हटले तो अपमान होता. पाच जणांनी म्हटले तो रिवाज झाला.

अण्णांच्या रक्तातील आकडा काहीसा उतरला आहे, फार नव्हे. गोळ्या चालू आहेत. परंतु मागल्या पावसाळ्यात त्यांच्या दुसऱ्या पायास फोड आला, तो त्याच रात्री नातीने पाहिला आणि आठ दिवसांत भरून आला. पहिल्या वेळी बोट गेले होते. वाचलेल्या बोटाची नोंद कोठल्याही तक्त्यात होत नाही, तरी ज्याचा पाय त्यास त्याची किंमत ठाऊक असते.

आमच्या प्रत्येक शाखेने पुढील मासिक सभेच्या कार्यक्रमात हा विषय अवश्य घ्यावा, गावातील मधुमेह्यांची घरे आपसांत वाटून घ्यावी, आणि सहा महिन्यांनी जो अनुभव येईल तो, बरा असो वा वाईट, आम्हांस लिहून कळवावा. तो आम्ही जसाच्या तसा छापू. पीक फसले तेही सांगावे, म्हणजे पुढच्यास उपयोग होतो. हा आपल्या या मासिकाचा जुनाच रिवाज आहे.